पहले तेल गरम होऊ द्या

विनूभियांच्या घरी गेलात तर पहिली काही मिनिटं कामाचं बोलायचं नाही. तुम्ही अगदी घराला आग लागल्याची खबर घेऊन गेलात तरी ते खुर्चीकडे बोट दाखवतील, पोह्यांची बशी पुढे सरकवतील, वरून जीरावन मसाला भुरभुरवतील आणि म्हणतील, "पहले तेल गरम होऊ द्या." थंड इंजिनाला रेस दिली की बेअरिंग झिजतात आणि नुकत्याच आलेल्या माणसाला प्रश्न विचारला की तो वाकडं उत्तर देतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

छत्रीबागेत आमच्या समोरच राहतात ते. विमा कंपनीतून रिटायर झालेले, सत्तरीचे, एकटे. सत्तरीच्या माणसाला भिया काय म्हणता, असं आमचे पुण्याचे पाहुणे विचारतात. भिया म्हणजे भाऊ, आणि इंदुरात भियाला वय नसतं. त्यांच्या अंगणात वडिलांच्या वेळची पांढरी मोटार उभी असायची, बॉनेट सदैव उघडं. एकदा कुणीतरी ते बंद केलं, तर मला वाटलं दुसरीच गाडी आली.

ही गाडी हातोदला जायची आहे, हे गल्लीतल्या गाईलासुद्धा ठाऊक होतं. इंदूरजवळच्या या गावात त्यांची धाकटी बहीण राहते, शोभाताई. आई गेल्यावर घरातल्या सामानावरून बहीणभावाचं वाजलं आणि विनूभिया बोलून गेले, "पाहुणी म्हणून आलीस, पाहुणीसारखी जा." मग याच गाडीत बसवून तिला बसस्टँडवर सोडून आले. पुढे फोनवर बोलणं सुरू झालं, पण ती घरी काही आली नाही. तिची एकच अट: ज्या गाडीतून सोडलंस, त्याच गाडीतून न्यायला ये. आणि तोवर गाडीचं इंजिन बसलं होतं.

विनूभियांनी इंजिन नव्याने बांधून घेतलं, कार्बोरेटर काढून टाकला आणि बाहेरून एक ईसीयू मागवला. ईसीयू म्हणजे इंजिनाचा मेंदू. हा गाडीच्या कंपनीचा नव्हे, कुठल्याही गाडीला लावता येतो असा. लॅपटॉप जोडून त्याला सगळं शिकवावं लागतं. इथे माझी एंट्री झाली. मी एका ऑफिसात पगाराच्या स्लिपा काढणारं सॉफ्टवेअर सांभाळतो.

"कंप्यूटरच ना?" विनूभिया म्हणाले. "मग झालं." नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तर तोंडात पोहे होते.

सगळं झालं, घोडं अडलं एका सेन्सरपाशी. पितळी डोक्याचा, अंगठ्याएवढा. तेलाचं प्रेशर आणि तेलाचं तापमान, दोन्ही तोच सांगणार. मागे चार तारा: एक पाच व्होल्टची, एक अर्थिंगची, आणि दोन तारा दोन बातम्या आणणाऱ्या. हे दोन आकडे धड दिसल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर काढणार नाही, हा विनूभियांचा पण. आकडे दिसत होते, पण डोकं फिरल्यासारखे वागत होते. इंजिन बंद असताना हेडलाइट लावले की प्रेशर चढायचं. हॉर्न वाजवला की तेल गार पडायचं.

माझं काम टॉर्च धरायचं, आणि तोही मी भलतीकडेच धरायचो. मीटर दिला तर त्याची पिन मीच भलत्या भोकात घातली. मग अब्रू राखायला मी ऑफिसात म्हणतो तेच म्हणायला लागलो, "सॉफ्टवेअरचा इश्यू आहे, बघतो." माझ्या बायकोने, सुषमाने गॅलरीतून ऐकलं आणि म्हणाली, "घरातला फ्यूज गेला तर समोरच्यांना हाक मारता, आणि तिथे कशाला मिरवताय?" मिरवत होतो, हे खरंच आहे.

दर रविवारी आमचं काम चालू असताना शोभाताईंचा फोन यायचा. हात काळे असल्याने विनूभिया तो स्पीकरवर टाकायचे.

"दादा, झाली का गाडी?"

"प्रेशर उड्या मारतंय गं. पुढच्या रविवारी बघतो."

"बघ बाबा. बॅग भरून ठेवली आहे मी."

त्या बॅगेचं ऐकलं की मला फार अपराधी वाटायचं. वाटायचं, माझ्यासारखा ठोंब्या मदतीला घेतला म्हणून बिचारी अडकली. शेवटी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी त्या ईसीयूचं पुस्तक मोबाइलवर उघडलं आणि वाचता वाचता टेबलावर थाप मारली. सेन्सरची अर्थची तार, आम्ही दिली होती तशी, गाडीच्या बॉडीला द्यायचीच नसते. दिव्यांचा आणि हॉर्नचा करंट बॉडीतूनच फिरतो, तो आकड्यांत गडबड करतो. ईसीयूला सेन्सरसाठी वेगळी अर्थ-पिन असते, तार तिथेच जायला हवी. साहेबांना वाटलं मला त्यांचं बोलणं पटलं.

रविवारी मी पोह्यांची वाट न बघता सगळं बोलून टाकलं. विनूभियांनी शांतपणे ऐकलं. "पहले पोहे खा," म्हणाले. खाल्ले. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी करू."

"आजच," म्हणालो मी आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. पोटामुळे निम्मा बाहेरच राहिलो. टॉर्चचा उजेड एकदाचा बरोबर जागी पडला. ईसीयूच्या त्या अर्थ-पिनेतून एक काळी तार आधीच निघाली होती. टोकाला जोडणीचा लग व्यवस्थित दाबलेला, वरून टेप, आणि टेपवर धुळीचा थर. नुसती जोडायची बाकी होती. सुषमाला ऐकवायचं माझं भाषण तिथेच गारद झालं.

"विनूभिया, ही तार तुम्हीच ओढून ठेवलीत?"

वरून नुसतं "हूं" आलं.

"मग इतके दिवस..."

"गाडी झाली की जावं लागेल ना रे," ते म्हणाले. "ती दारात उभी असेल. त्या दिवशी मी एकदम बोलून गेलो, थांबलोच नाही. आता पहिलं काय बोलू? रोज आरशासमोर बोलून बघतो. रडू येतं, पुढे सरकतच नाही."

मी तार जोडून टाकली. विनूभियांनी सवयीने हेडलाइट लावले. स्क्रीनवर प्रेशर शून्य होतं, आणि शून्यच राहिलं. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, झाली का गाडी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून डॅशबोर्डखालीच होतो, त्यामुळे त्यांना फक्त माझे पाय दिसले असतील.

"झाली, शोभा."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. "मग ये ना."

मला त्यांनी मागे बसवलं. पुढची सीट फडक्याने पुसली आणि रिकामी ठेवली. बडा गणपतीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लख्ख उन्हात त्यांनी हेडलाइट लावले. मग हॉर्न दाबला. पुढचा रिक्षावाला वळून बघायला लागला. दोन्ही आकडे जागचे हलले नाहीत.

"बहाणा संपला रे," विनूभिया म्हणाले.

"तेल गरम झालंय, विनूभिया," मी मागून म्हणालो.

त्यांनी मान हलवली, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी हातोदच्या रस्त्याला घातली.