काटा अर्ध्यावर आहे

इंदापूरच्या ग्रामसुधार प्रात्यक्षिक कचेरीचे प्रमुख आप्पासाहेब यांच्या अडीच वर्षांच्या चिरंजीवांनी, सन १९५६ मधल्या एका सोमवारी सकाळी साडेआठच्या सुमारास, आपल्या उजव्या नाकपुडीत हरभऱ्याचा एक दाणा दाखल करून घेतला. आई लीलाबाई समोरच हरभरे निवडत बसल्या होत्या. एकच दाणा आत जाताना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. पण सूप बाजूला सारून हात पुढे करेपर्यंत तो वरच्या खात्यात वर्ग झाला होता.

लीलाबाई पुण्यात बी.ए. झालेल्या. बालसंगोपनाचं एक जाडजूड पुस्तक कायम त्यांच्या उशाशी असे. बाळ रडलं की त्या आधी पुस्तक उघडत, मग बाळाला घेत. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की नाकात गेलेलं कडधान्य ओलीनं फुगतं, घरी कोरू नये, डॉक्टरांकडे न्यावं. नाकात घालायचा चिमटा बाळगणारे डॉक्टर बारामतीला. सकाळची एस्टी गेलेली, पुढची दुपारी. तोवर दाणा केवढा होईल, ते पुस्तकात दिलं नव्हतं.

उरली कचेरीची मोटार. आप्पासाहेब तत्त्वाचे माणूस. खाजगी कामाला सरकारी मोटार त्यांनी कधीच वापरली नाही; म्हणून त्यांनी दौऱ्याच्या वहीत आधी बारामतीच्याच वाटेवरचं ‘भवानीनगर परिसर, ऊस पाहणी’ असं लिहिलं आणि मगच बाळाला टोपी घातली.

या मोटारीविषयी थोडं सांगायला हवं. ती लढाईच्या आधीची होती आणि तिचा पेट्रोलचा काटा दसऱ्यापासून बरोबर अर्ध्यावर उभा होता. टाकी भरली तरी अर्धा, आटली तरी अर्धा. ड्रायव्हर झुंबर याला त्याचं काही वाटत नसे. त्याच्याकडे तुरीची एक काठी होती, तिला चाकूनं पाडलेल्या चार खाचा होत्या. काठी टाकीत बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं. पण वर्षाच्या तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही काठी कचेरीच्या सामानाच्या यादीत कुठे आहे? कुठेच नव्हती. तेव्हा आप्पासाहेबांनी स्वहस्ते परिपत्रक काढलं: यापुढे टाकीचा अंदाज फक्त काट्यावरून घेण्यात यावा, काटा शून्यावर आल्याखेरीज पेट्रोल मिळणार नाही, आणि काठी जप्त.

बारामतीहून मिस्त्री येऊन गेला. तो म्हणाला, “टाकीतला फुगा अडकलाय. टाकी उतरवावी लागंल, पर आदी रिकामी करा.” यावर कचेरीनं साधकबाधक विचार केला. काटा अर्ध्यावर असताना टाकी रिकामी करणं म्हणजे अर्धी टाकी सरकारी पेट्रोल वाया घालवणं. सबब, काटा शून्यावर येईपर्यंत मोटार चालवावी, आणि तो शून्यावर आला की तो हलत नसल्याबद्दल दुरुस्ती हाती घ्यावी.

मोटारीत बसण्याआधी, काखेत पुस्तक मारून, लीलाबाईंनी झुंबरला हळूच बाजूला घेतलं.

“झुंबर, खरं सांगा. पेट्रोल किती आहे?”

झुंबरनं इकडंतिकडं पाहिलं आणि सीटखालून काठी काढली. जप्त झाली होती ती दुसरी. टाकीत बुडवून वर काढली, तर शेपटाला बोटभर ओल.

“लासुर्ण्यापत्तूर जाईल, बाईसाहेब. फुडं न्हाय.”

लीलाबाई तडक नवऱ्याकडे गेल्या. “अहो, पेट्रोल घ्या. बारामतीपर्यंत पुरणार नाही.”

“काटा अर्ध्यावर आहे.”

“तो दसऱ्यापासून अर्ध्यावर आहे!”

“मग बघ. काटकसर म्हणतात ती हीच,” आप्पासाहेब म्हणाले. “आणि परिपत्रक माझ्याच सहीचं आहे. मीच मोडलं तर कारकुनांनी काय करायचं?”

लासुर्णे आलं. मोटार दोनदा खोकली, तिनं एकदा उचकी दिली आणि ती उसाच्या फडाशेजारी थांबली. आप्पासाहेबांनी काट्याकडे पाहिलं.

“पेट्रोलचा प्रश्न नाही,” ते म्हणाले. “दुसरं काहीतरी पाहा.”

झुंबरनं दुसरं पाहायला घेतलं. प्लग काढले, पुसले, बसवले. नळ्या फुंकल्या. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला. मोटारीचा एकेक अवयव निर्दोष सुटत गेला. फडातली माणसं कोयते खाली ठेवून गोळा झाली. गेणबा नावाच्या गाडीवानानं खिडकीतून आत डोकावलं.

“सायब, टाकीत काय हाय का बगितलं का?”

“काटा बघा.”

गेणबानं काटा पाहिला. “काटा झ्याक हाय की. गाडीच वाईट दिसतीया.”

इकडे लीलाबाई बाळाचं नाक न्याहाळत होत्या. उजवी बाजू मघापेक्षा फुगली आहे असं त्यांना वाटलं. मग डावीही तशीच वाटली. तेवढ्यात मोळ्या बांधणारी म्हातारी धोंडाबाई पुढे आली.

“का गं पोरी, नाक का धरून बसलीस त्येचं?”

“हरभरा गेलाय हो नाकात!”

“येवढंच व्हय?” म्हातारीनं कनवटीची डबी काढली आणि तपकिरीची चिमूट बाळाच्या नाकाखाली धरली. लीलाबाई पुस्तकात तपकीर शोधेपर्यंत बाळ दोनदा शिंकलं आणि टम्म फुगलेला दाणा धोंडाबाईच्या तळहातावर पडला.

“ह्यो घ्या तुमचा पावना!”

फड हसला. बाळही हसलं. लीलाबाईंनी दाणा उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

“पण आत आणखी नसेल कशावरून?”

“किती गेलं हुतं?”

“एकच. मी पाहिला ना आत जाताना.”

“मंग? एक गेला, एक आला.”

“तरी डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कसं म्हणायचं?”

धोंडाबाईनं झुंबरकडे पाहिलं. झुंबरनं साहेबांच्या पाठीआड टाकीत बुडवून काढलेली कोरडी काठी पुन्हा सीटखाली सारली.

गेणबाची उसाची गाडी भवानीनगरच्या कारखान्याला निघालीच होती. मोळ्यांवर बसून लीलाबाई बाळासह तिथवर गेल्या आणि तिथून दुपारची एस्टी धरून बारामतीला पोचल्या. वाटेत तीनदा त्यांनी बाळाला तोंड मिटून श्वास घ्यायला लावला. आप्पासाहेब मागे राहिले. मोटारीला बैल जुंपून ती इंदापूरला नेण्यात आली आणि वहीत नोंद झाली: ‘लासुर्णे ते इंदापूर, सोळा मैल. पेट्रोल खर्च: नाही. काटा: अर्ध्यावर.’ पुढल्या महिन्यात वरच्या कचेरीतून अभिनंदनाचं पत्र आलं, आणि इतर कचेऱ्यांनी ही पद्धत अंगीकारावी असा आदेशही.

बारामतीच्या डॉक्टरांनी बाळाच्या नाकात बॅटरी मारली, चिमटा होता तिथंच ठेवला आणि चिठ्ठी लिहिली: ‘दोन्ही नाकपुड्या तपासल्या. रिकाम्या आहेत.’ खाली सही, तारीख, शिक्का. लीलाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून पुस्तकात ठेवली आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

तुम्ही हसाल. खुशाल हसा. पण शपथेवर सांगा, दाणा धोंडाबाईच्या हातावर पडला तेव्हा तुमचा जीव भांड्यात पडला, की आत्ता, शिक्का पाहिल्यावर?