तुलनेचा सेल

विज्ञानात एखादी गोष्ट चांगली आहे असं म्हणायचं, तर तिच्या शेजारी एक वाईट गोष्ट मांडावी लागते. चांगल्या गोष्टीसाठी सगळेच राबतात. वाईटाची जबाबदारी घ्यायला मात्र कुणी पुढे येत नाही. आमच्या संस्थेने ही उणीव ओळखून स्वतंत्र पद निर्माण केलं, आणि त्या पदावर पहिली नेमणूक माझी झाली.

आमच्याकडे उद्याच्या बॅटरीवर काम चालतं. (कालही उद्याच्याच बॅटरीवर चालत होतं.) काळी पावडर चिकट द्रावात घोटायची, ती खळ तांब्याच्या फॉइलवर सारखी पसरायची, वाळली की गोल चकत्या पाडायच्या आणि बटणाएवढ्या डबीत बंद करायच्या. झाला सेल. मग तो यंत्रावर चार्ज करायचा, रिकामा करायचा, परत चार्ज करायचा, तो मान टाकेपर्यंत. पावडर नॅनोनळ्यांची, म्हणजे कार्बनच्याच अतिसूक्ष्म नळ्यांची, असेल तर तो आमचा सेल. साध्या कार्बनची असेल तर तो तुलनेचा. तुलनेच्या सेलला जगात एकच कर्तव्य असतं, ते म्हणजे आधी मरणं.

पूर्वी दोन्ही सेल नॅनोताई करायच्या. (या आमच्या ज्येष्ठ संशोधक. नळ्या त्यांच्या, म्हणून नाव पडलं.) त्यांचा हात इतका नेटका की साधा कार्बनही नळ्यांच्या बरोबरीने टिकायचा. आमच्या विभागप्रमुख सरांची झोप उडाली. त्यांनी पाहणी केली. शंभरातल्या नव्याण्णव शोधनिबंधांत साधा कार्बन हरलेला होता, आणि उरलेला एक निबंध छापूनच आलेला नव्हता. म्हणजे दोष कार्बनचा नव्हता, ताईंच्या हाताचा होता. जरा कमी लक्ष देऊन बघा, असं सरांनी सुचवलं, तर ताई म्हणाल्या, ही शुद्ध फसवणूक आहे. सरांना ते शंभर टक्के पटलं. संस्थेचं धोरण या बाबतीत कडक आहे. सेल मुद्दाम बिघडवणं हा गुन्हा, आपोआप बिघडणं हा निष्कर्ष. तेव्हा मनापासून कष्ट करूनही ज्याचं काम बिघडतं, असा उमेदवार शोधणं भाग होतं.

मुलाखतीत मला कागदाचं वर्तुळ कापायला सांगितलं. ते बघून सरांचा चेहरा खुलला. डॉक्टरेट होतीच. (कशी मिळाली ते कुणी विचारलं नाही.) पूर्वानुभव म्हणून मी थोरल्या भावाचा उल्लेख केला. दादाचे मार्क सांगताना आई लगेच माझेही सांगायची, म्हणजे त्याचे जास्त उठून दिसत. सदर अनुभव ग्राह्य धरण्यात आला.

ते दिवस खरंच सुखाचे होते. माझ्या खळीत बुडबुडे यायचे, फॉइलला भेगा पडायच्या, आणि सकाळी लावलेला सेल जेवणाच्या सुट्टीपर्यंत गार. आलेखावर ताईंची रेघ सरळ जायची, माझी जिना उतरायची. सर पाहुण्यांना दोन्ही रेघा कौतुकाने दाखवत. आणि आईने आयुष्यात पहिल्यांदा, आधी दादाचं न सांगता, शेजारणीला माझं सांगितलं. "आमचा धाकटा बॅटरीत आहे," म्हणाली. नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची, आणि ती टिकावी यासाठी मी जिवापाड मेहनत करत होतो.

तिथेच घात झाला. रोज तेच करून माझा हात बसला. ही शक्यता सेवाशर्तींत कुणी धरलीच नव्हती. बुडबुडे कमी झाले, भेगा बुजल्या. मी घाबरून डाव्या हाताने करू का असा अर्ज दिला. तो मुद्दामपणा ठरेल, म्हणून नामंजूर झाला. सरावात खंड पडावा म्हणून रजा घेतली, तर परत आल्यावर हात ताजातवाना.

शेवटी एका सकाळी ताईंचा सेल गेला आणि माझा चालूच राहिला. ताईंनी पडद्यावरच्या दोन्ही रेघा बोटाने शेवटपर्यंत तपासल्या. मग म्हणाल्या, "अरे, सुंदर झालाय."

माझ्या हातच्या कुठल्याही वस्तूला हा शब्द कधी लागला नव्हता. माझे डोळे भरून आले.

दुपारी सरांनी बोलावलं. ताईही आल्या. साध्या पावडरीने काम होतंय, तर तेच छापू या, असा त्यांचा आग्रह. सर शांतपणे म्हणाले, उद्याची बॅटरी आजच झाली, तर उद्या आपण काय करायचं? मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही सुधारलात. आता तुमचा आम्हाला काय उपयोग?"

'कामगिरीत सातत्याने सुधारणा झाल्यामुळे कार्यमुक्त' असं प्रमाणपत्र घेऊन मी घरी आलो. आई म्हणाली, असू दे रे. आणि दादाला बढती मिळाल्याचं सांगितलं.

आता हे आपण इथवर वाचलंत. मधूनमधून हसलात. आपलं काही एवढंही वाईट चाललेलं नाही, असं वाटून जरा बरंही वाटलं असेल. वाटलं ना? संकोच नको, माझं पद तेच आहे, फक्त शेजारी आता आपण आहात. एवढीच विनंती, की वाचून झाल्यावर 'सुंदर झालंय' म्हणू नका. हीही नोकरी जाईल.