पूर्वजांच्या हातचा दगड

एका जंगलात एक ओढा होता आणि त्या ओढ्यावर एक बांध होता. जंगलाचं नाव मात्र विचारू नका, मुलांनो. मी सांगितलं, तर तुमच्यापैकी कोणाचे तरी वडील उठून म्हणतील की आमच्या गावाची बदनामी चालली आहे.

हा बांध प्राण्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी बांधला होता. त्यात चुना नव्हता, काही नव्हतं. नुसता दगडावर दगड. त्यामागे अडलेलं पाणी उन्हाळाभर पुरायचं. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला प्रत्येक जण डोंगरावरून एक दगड आणून बांधावर ठेवी. रेडा मोठा ठेवी, उंदीर खडा ठेवी. मग सगळे पोटभर पाणी पीत आणि घरी जात. भाषण नसे.

बांधाच्या खालच्या अंगाला खडकाळ सपाटी होती. तिथे टिटवीनं चार अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. चार खडे इकडचे तिकडे सरकवते आणि म्हणते, झालं घर. पुढे चार आठवडे तिला अंड्यांवर बसायचं होतं. तेवढे चार आठवडे बांधानं उभं राहावं, याहून जास्त तिचं जंगलाकडे काही मागणं नव्हतं.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला साळिंदराला एक कल्पना सुचली. साळिंदर जंगलाचा सचिव होता. त्याच्या पाठीवर इतक्या लेखण्या होत्या, की दुसऱ्या कोणाला सचिव करणं बरं दिसलं नसतं.

"बांधवहो," तो म्हणाला, "आपण दरवर्षी दगड ठेवतो. पण ज्यांनी हा बांध बांधला, त्या पूर्वजांसाठी आपण काय केलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. खरंच काही केलं नव्हतं. नुसता बांध सांभाळला होता.

"त्यांचं स्मारक झालं पाहिजे. इथेच, बांधाच्या पायथ्याशी!"

अध्यक्षस्थानी आप्पा सांबर होते. नकारार्थी मान हलवली की त्यांची शिंगं फांद्यांत अडकत. त्यामुळे आप्पांनी आयुष्यात कशालाच नाही म्हटलं नव्हतं. स्मारक मंजूर झालं.

"दगड डोंगरावर ढिगानं पडलेत," टिटवी म्हणाली. तिला वाटलं, आपण मदत करतो आहोत.

साळिंदर हसला. "टिटवीबाई, ते साधे दगड. पूर्वजांच्या स्मारकाला पूर्वजांच्या हातचा दगड नको का?"

आता पूर्वजांच्या हातचे दगड जंगलात एकाच ठिकाणी होते.

"एकेकानं एकच काढायचा," आप्पांनी बजावलं. "आणि श्रद्धेनं काढायचा. ओरबाडायचं नाही."

"अहो आप्पा, पण मग बांधात काय राहील?" टिटवीनं विचारलं.

"भावना!" साळिंदर म्हणाला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

प्रत्येकानं एकेकच दगड काढला, हे मी शपथेवर सांगतो. पुढे कोल्ह्यानं वडिलांच्या नावानं एक काढला. ते पाहून तरसानं सासऱ्यांच्या नावानं काढला, कारण बायको बघत होती. सशांनी तर आठवडाभर रांग लावली. सशांना पूर्वज फार.

टिटवी दर दगडाला ओरडायची. तिचा नवरा टिटवा तिला म्हणायचा, "अगं, लोक काय म्हणतील?" तो स्वतः स्मारकाच्या मिरवणुकीत झेंडा घेऊन सगळ्यांत पुढे असायचा.

दहाव्या दिवशी बांधातून पाणी झिरपू लागलं. अंड्यांशेजारचे खडे ओले झाले. टिटवी धावत आप्पांकडे गेली.

"आप्पा, बांध गळतोय."

"सचिव, बांध गळतोय म्हणे," आप्पा म्हणाले.

साळिंदरानं पाहणी केली आणि पूर्वजांच्या डोळ्यांतून आनंदाश्रू वाहत असल्याचा अहवाल दिला. दुसऱ्या दिवसापासून लोक तीर्थ न्यायला येऊ लागले. परत रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून जाताना एखादा दगड नेत.

टिटवी आणखी ओरडली. तेव्हा सभेत ठराव झाला. टिटवीचं ओरडणं अशुभ आहे, ते आजपासून बंद. यापुढे ते ज्याच्या कानावर पडेल, त्यानं हातातलं काम टाकून तिला टेकडीपलीकडे, जंगलाच्या हद्दीबाहेर हाकलावं.

टिटवी गप्प झाली. तिला अंडी सोडून कुठे जाता येणार होतं? पण दुपारी सगळे सुस्तावले की ती चोचीत एकेक खडा घेई आणि बांधाच्या फटींत बसवी. रोज सतरा-अठरा खडे. एवढ्यानं काय होणार, हे तिलाही कळत होतं. मला ही टिटवी फार आवडते, मुलांनो. कथा सांगणाऱ्यानं कोणाची बाजू घेऊ नये म्हणतात, पण मी घेतो.

चार आठवडे सरत आले. स्मारकाच्या उद्घाटनाचा दिवस उजाडला, आणि त्याच सकाळी तीन अंडी फुटून तीन पिल्लं बाहेर पडली. टिटवीची पिल्लं बाहेर पडली की लगेच पळू लागतात. ती सपाटीभर पांगली. चौथ्या अंड्याला बारीक तडा गेला होता. आतून टकटक ऐकू येत होती.

सपाटीवर अख्खं जंगल पोराबाळांसह जमलं होतं. आप्पा भाषणाला उभे राहिले. वरच्या डोंगरात काळंकुट्ट आभाळ भरलं होतं आणि ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढत होतं. ते पाहायला कोणाला सवड नव्हती. सगळ्यांची तोंडं स्मारकाकडे होती.

बांधातून एक दगड सुटला आणि गडगडत टिटवीच्या पायाशी आला.

तिनं अंड्याकडे पाहिलं. तड्याचं भोक झालं होतं आणि त्यातून इवलीशी चोच बाहेर येत होती. तिनं सपाटीकडे पाहिलं. तीन पिल्लं तीन दिशांना होती. ती आईच्या हाकेला येतात, आणि हाकेला बंदी होती.

तिनं हाक मारली.

जंगलाला वाचवावं वगैरे तिच्या मनात काही नव्हतं. ती आपल्या पोरांना बोलवत होती. ओरडत ती टेकडीच्या चढाकडे धावली आणि तिन्ही पिल्लं तिच्या मागे धावली.

"ऐन उद्घाटनात!" साळिंदर किंचाळला. "ठराव! ठराव!"

सगळं जंगल उठलं. आप्पा सर्वांत पुढे. आयांनी पोरं काखोटीला मारली, कारण शिक्षा कशी होते हे पोरांनीही पाहायला हवं होतं. जमाव पिल्लांच्या जवळ आला, तशी टिटवी एक पंख फरपटत लंगडू लागली. शत्रूला पोरांपासून लांब न्यायची ही टिटव्यांची जुनी युक्ती.

"पंख मोडलाय! आता सापडलीच!" असं म्हणत सगळे तिच्या मागे टेकडीच्या माथ्यापर्यंत चढले.

तेव्हा खाली बांध फुटला.

बघता बघता सपाटी पाण्याखाली गेली. झेंडे, पताका, हार, सगळं वाहून गेलं. जंगलातलं कोणीही मेलं नाही. गेलं ते एकच. त्याला अजून नाव नव्हतं, ते पुरतं अंड्याबाहेरही आलं नव्हतं. टिटवी माथ्यावर उभी राहून खाली बघत होती.

पाणी ओसरल्यावर चौकशी बसली. साळिंदरानं घटनाक्रम लिहून काढला. आधी टिटवी ओरडली, मग बांध फुटला. यात खोटं काहीच नव्हतं. टिटव्यानं साक्ष दिली की ती घरीही फार ओरडते. ठरावाची अंमलबजावणी तत्परतेनं झाल्यामुळेच प्राणहानी टळली, म्हणून आप्पांचा सत्कार झाला.

"तुम्हाला काही बोलायचंय?" आप्पांनी टिटवीला विचारलं. ते वाईट नव्हते.

"माझं चौथं..." टिटवी म्हणाली.

"विषयाला धरून बोला," साळिंदर म्हणाला.

तिला हद्दपार करण्यात आलं.

स्मारक कमरेइतक्या चिखलात होतं, पण उभं होतं. दगडच तसे भक्कम होते. "तेच काढून पुन्हा बांधाला लावू या का?" असं एक उंदीर म्हणाला. पण सगळे त्याच्याकडे असे बघू लागले, की त्यानं लगेच माफी मागितली. स्मारकाला कोण हात लावणार? त्यापेक्षा फुटलेल्या बांधाच्या आठवणीत दुसरं स्मारक बांधायचं ठरलं. दगडांची अडचण नव्हती. ओढ्याच्या वरच्या अंगाला आणखी एक बांध होता, याहूनही जुना.

टिटवी तीन पिल्लांना घेऊन उघड्या माळावर गेली. अजून तिथेच असते आणि अजून ओरडते. लोक अजूनही अशुभ म्हणतात. तुमच्या कानावर तिची हाक आली, तर एवढंच करा. तिला हाकलायला का होईना, पण घराबाहेर पडा, आणि चढाच्या दिशेनं पळा.

तात्पर्य : बांध ओरडण्यानं फुटतो. दगड काढल्यानं फुटत नसावा. कारण दगड तर सगळ्यांनीच काढले होते, ओरडली ती एकटीच.