निजामाची बाजू

उस्मानाबादच्या हायस्कुलात हजर होऊन मला तीन दिवस झाले होते. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरून मी डबा खात होते. काळी टोपी घातलेले एक उंच गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या बोटांना निळा रंग लागलेला होता. अतिशय गंभीरपणे ते म्हणाले, "बाई, तुम्ही निजामाच्या बाजूनं लढाल का?"

खोलीतल्या सगळ्यांनी डब्यातून माना वर केल्या.

हे नागोराव ड्रॉइंग मास्तर. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला ते हा प्रश्न विचारतात, हे मला नंतर कळलं. दोनशे वर्षांपूर्वीची उदगीरची लढाई त्यांना मेजावर लढायची होती. एका बाजूला पेशव्यांची फौज, दुसऱ्या बाजूला निजामाची. एकेक शिपाई अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा. पंधरा वर्षं तयारी चालली होती. पण लढाईला दोन सेनापती लागतात. एकाच माणसानं दोन्हीकडची प्यादी हलवायची याला मास्तर फितुरी म्हणत. पेशव्यांकडून ते स्वतः होते. निजामाकडून कुणी मिळत नव्हतं.

मिळणार कसं? निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन अकरा वर्षं झाली होती, पण लोकांच्या तोंडात ती कालची गोष्ट होती. हेडमास्तरांनी त्यांना सुनावलं होतं की रझाकारांच्या भीतीनं आम्ही बायकापोरांसह सहा महिने बार्शीत काढले, ते आता तुमच्या मेजावर निजाम व्हायला काय? सायन्सच्या मास्तरांनी पेशव्यांकडं एखादी जागा असेल तर कळवा, हत्ती सांभाळीन, असं सांगून ठेवलं होतं. शाळेचा शिपाईसुद्धा म्हणाला होता, "मास्तर, घंटा वाजवतो, पाणी भरतो, पण हे काम मला न्हाय जमायचं."

माझं शिक्षण हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलत असू, पण चार अनोळखी माणसांत मराठीत नाही कसं म्हणावं, ते मला येत नसे. मी मान खाली घालून "हो" म्हटलं.

मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते टोपी काढून पुन्हा घालत म्हणाले, "फौज अजून तयार न्हाय," आणि निघून गेले.

हे वाक्य पुढं दोन वर्षं मी इतक्या वेळा ऐकलं, की माझ्याही तोंडात ते नकळत येऊ लागलं. लग्नाला या म्हटलं की मास्तरांचं, "येतो, पण फौज तयार न्हाय." परीक्षेचं सुपरव्हिजन दिलं की, "करतो, पण फौज." एकदा ताप आला म्हणून डॉक्टरांनी आठवडाभर पडून राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

माझी खोली त्यांच्याच गल्लीत होती. मास्तरांचं लग्न झालेलं नव्हतं. घरात त्यांची थोरली बहीण होती, लहानपणीच विधवा होऊन उमरग्याहून माहेरी परत आलेली. सगळे त्यांना आक्का म्हणत. आक्कांनी मला पहिल्याच रविवारी जेवायला बोलावलं आणि दारातच सांगितलं, "बघून चाल गं पोरी. मीठ ठेवायला डबा न्हाय या घरात, पण निजामाला पेटी हाये."

मधल्या खोलीत दरवाजाची एक जुनी फळी चार खोक्यांवर ठेवलेली होती. तेच मेज. त्यावर उदगीरपासून औशापर्यंतचा मुलूख पसरला होता. लाकडाच्या भुशात खळ घालून केलेले माळ, निळीनं रंगवलेली मांजरा नदी. आणि दोन्ही बाजूंना फौजा.

या फौजांचा इतिहास आक्कांनी मला जेवताना वाढला. पहिली फौज साखरेची होती. होळीच्या गाठी ज्या लाकडी साच्यात ओततात, तसा शिपायांचा साचा मास्तरांनी सुताराकडून कोरून घेतला. दोनशे स्वार ओतून झाले. आठ दिवसांत निजामाचं सगळं घोडदळ मुंग्यांनी खाल्लं. "पेशवा एकबी खाल्ला न्हाय," आक्का म्हणाल्या. "मुंग्यांचंबी ठरल्यालं असतंय." मग कुंभाराला घोडे सांगितले. तो बिचारा जन्मभर पोळ्याचे बैल करत आलेला. त्यानं दीडशे घोडे आणून दिले ते सगळे वशिंडाचे. मास्तरांनी ते परत केले नाहीत. पेशव्यांच्या फौजेत ते आजही होते, वशिंडावर खोगीर चढवून. शेवटी किराणा दुकानातल्या चहाच्या पेट्यांतला शिशाचा पत्रा मिळू लागला. मास्तर तो आक्कांच्या पळीत वितळवत आणि मऊ दगडाच्या साच्यात ओतत. त्यामुळं त्या घरात आमटी वाटीनं वाढायची पद्धत पडली होती.

लढाईचे नियम एका जुन्या इंग्रजी पुस्तिकेत होते. मास्तरांना इंग्रजी जेमतेम येई. म्हणून दर रविवारी मी ती वाचून मराठीत सांगू लागले. त्यांनी नियम आपल्या सोयीनं बदलून घेतले होते. पायदळ एक वीत चालायचं, घोडदळ दोन विती. फाशांऐवजी तुळजापूरहून आणलेल्या कवड्या टाकायच्या. उताण्या पडतील तितकी माणसं मेली. मी वाचत असे आणि ते कान देऊन रंगवत बसत. मला ते बरं वाटे. त्या खोलीत मला कुणी बोलायला लावत नसे.

पण बघत बसणाऱ्या माणसाला काही गोष्टी दिसतात. पेशव्यांची फौज ओबडधोबड होती. भाले वाकडे, पागोटी एकाच कुंचल्याच्या फटक्यात उरकलेली. निजामाचा मात्र एकेक शिपाई निराळा होता. कुणाच्या मिशा वर, कुणाच्या खाली, कुणाच्या दाढीत मेंदीचा तांबूस रंग. हत्तींच्या झुलीवर सुईच्या टोकानं वेलबुट्टी काढलेली. मास्तर रविवारचे रविवार निजामाकडच्याच बाजूला गुंतलेले असत, पण स्टूल मात्र पेशव्यांकडं ठेवून. तिथूनच हात लांब करून एकेक शिपाई उचलत.

दुसऱ्या वर्षी मला आणखी एक गोष्ट दिसली. ते ज्या बंदूकवाल्या बरकंदाजाच्या मिशा रंगवत होते, त्याला मिशा आधीच होत्या. मी तो हातात घेऊन पाहिला. रंगाचे इतके थर बसले होते की नाक उरलं नव्हतं. मी पेटीतले शिपाई मोजले, यादी ताडून पाहिली. एकही कमी नव्हता.

मास्तर आंघोळीला आत गेले तेव्हा मी आक्कांना हळूच विचारलं, की फौज तर केव्हाच तयार आहे ना?

आक्का ज्वारी निवडत होत्या. त्यांनी आधी आतल्या दाराकडं पाहिलं. मग मला जे सांगितलं, ते मी माझ्या शब्दांत देते.

निजामाची फौज मास्तरांची नव्हतीच. ती जाफरसाहेबांची होती. जाफरसाहेब याच शाळेत ड्रिल मास्तर. इंग्रजी पुस्तिका त्यांनीच हैदराबादेच्या जुन्या बाजारातून आणलेली, हा सगळा नादही त्यांनीच लावलेला. मेजाच्या दोन बाजूंना दोघं बसत आणि भांडत. अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यात जाफरसाहेबांचं घर लुटलं गेलं. रझाकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण तेव्हा कोण विचारत होतं. लुटणाऱ्यांत शाळेतली मोठी मुलं होती. जाफरसाहेबांनी कवायत शिकवलेली, मास्तरांनी चित्रकला शिकवलेली. चार दिवसांनी जाफरसाहेब बायकामुलं घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर बसले. जाण्याआधी त्यांनी ही पेटी शेजारच्या बाईच्या हाती इथं पाठवली होती.

"गाडी उशिरा आली," आक्का म्हणाल्या. "दोन तास बसला हुता जाफर तिथं. ह्यो गेला न्हाय. मी म्हनलं, नागू, जा. तर म्हनतो, काय तोंड घिऊन जाऊ? हितंच बसला, ह्या स्टुलावर."

तेव्हापासून दर दसऱ्याला हैदराबादहून जाफरसाहेबांचं कार्ड येई. त्यात एकच ओळ असे, फौज तयार झाली का? आणि मास्तर उलट कळवत, अजून हत्ती राहिलेत.

मला त्या रविवारी पुढं वाचता आलं नाही. फौज तयार झाली असं एकदा लिहिलं, की जाफरसाहेबांना बोलवावं लागणार. बोलावलं आणि ते आले नाहीत तर? मास्तर या प्रश्नावर बारा वर्षं रंग देत बसले होते. मला त्यांनी निजाम व्हायला का विचारलं होतं तेही कळलं. सगळे नाही म्हणतात, म्हणून.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हैदराबादला घरी जायला निघाले, तेव्हा मास्तर मोटारीच्या अड्ड्यापर्यंत आले. अड्ड्यात आले नाहीत, रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले. मीच तिकडं गेले. त्यांनी कापसात गुंडाळलेला एक हत्ती डबीत घालून दिला आणि जाफरसाहेबांचा पत्ता. म्हणाले, एवढा त्याला दाखवा. झुलीचा रंग बरोबर आहे का विचारा. बाकी काही बोलू नका.

ती डबी मी थेट हैदराबादपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

जाफरसाहेब एका लाकडाच्या वखारीत हिशेबनीस होते. बारीक, ताठ, पांढरी दाढी नीट कातरलेली. मी उस्मानाबादहून आले म्हटल्यावर त्यांनी आतून खुर्ची मागवली, फडक्यानं पुसली आणि मला "बैठो बेटा" म्हणून स्वतः उभे राहिले. हत्ती उजेडात धरून त्यांनी चारी बाजूंनी पाहिला. झुलीवरच्या बुट्ट्या नखानं मोजल्या. मग विचारलं, "फौज तयार है क्या?"

बाकी काही बोलू नका, असं मला बजावलेलं होतं, आणि न बोलणं मला सगळ्यात चांगलं जमतं. तरी मी म्हणाले, "पुष्कळ दिवसांपासून तयार आहे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मालूम है. चार हत्तींना बारा साल कोणाला लागतात?"

चहा आला. त्यांनी आक्कांची चौकशी केली, शाळेच्या मैदानावरच्या कडुलिंबाची केली. स्वतःच्या घराची केली नाही. तिथं आता निजामाकडून कोण लढतं, असं विचारलं. मी म्हटलं, कुणीच तयार होत नाही. मीच काय ती हो म्हणाले.

"मी तरी कुठं तयार होतो?" ते म्हणाले.

मला कळलं नाही. ते हत्तीकडं बघत सावकाश बोलू लागले. "मेज लावलं पहिल्या दिवशी, तर नागोरावानं आधीच पेशव्यांकडं स्टूल टाकला. माझं नाव जाफर, मग मी निजाम. विचारलं न्हाय त्यानं. मी बी बोललो न्हाय. उदगीरला पेशव्यांचा तोफखाना होता ना, त्याचा सरदार मुसलमान होता, बेटा. मला तो तोफखाना पायजे होता." थोडं थांबून म्हणाले, "त्याला सांग, झुलीचा रंग बरोबर आहे. मी येतो. पण या वेळी पेशवा मी. कबूल असंल तर कार्ड टाक म्हणावं."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी परत आले आणि डबी द्यायला गेले. मास्तर पेशव्यांकडच्या स्टुलावर कुंचला घेऊन बसले होते. त्यांनी डबी घेतली, झुलीचं विचारलं. रंग बरोबर आहे म्हटल्यावर मान हलवली आणि कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

मी म्हटलं, "मास्तर, फौज तयार आहे असं मी त्यांना सांगितलं."

कुंचला तसाच राहिला. मी जाफरसाहेबांचा सगळा निरोप सांगितला, जसा ऐकला तसा. इतकं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. तोफखान्याचं सांगताना मास्तरांनी मेजावरच्या पेशव्यांच्या तोफांकडं पाहिलं. त्या चौदा होत्या आणि सगळ्या त्यांनी स्वतः ओतलेल्या होत्या.

"बोलला न्हाय कधी," ते म्हणाले.

आक्का सैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग निजाम कोन व्हनार?"

मास्तरांनी कुंचला पाण्यात धुतला, फडक्याला पुसला. मग उठले आणि स्टूल उचललं. खोली अरुंद, मेज मोठं. पलीकडं जायला त्यांना स्टूल डोक्यावर धरून भिंतीला घासत जावं लागलं. टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. निजामाच्या हत्तींमागं, भिंतीकडच्या बाजूला, त्यांनी स्टूल ठेवलं आणि बसले. समोर सगळे पेशव्यांचे स्वार आणि तोफा त्यांच्याकडं तोंड करून उभ्या होत्या.

"बाई," ते म्हणाले, "हिकडनं बघितलं की लई जवळ आलेली दिसतात हो."

"कोण?"

"आपलीच माणसं," ते म्हणाले, आणि आक्कांना कोनाड्यातलं कोरं कार्ड आणायला सांगितलं.