चालत्या टेम्पोतून आलेली ओ

"सोलापुरात कुणाला चोरी करायची असेल तर त्याने आधी मला विचारावं," बसलिंगप्पा म्हणायचे. "नंतर मी पकडणारच आहे. उगाच दोघांचा वेळ का घालवायचा?"

आजवर एकही चोर विचारायला आला नव्हता. बसलिंगप्पांच्या मते हा त्यांच्या दराऱ्याचा पुरावा होता.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांची सारी उमर टॉवेल तपासण्यात गेली. तुटलेला धागा, सुटलेली गाठ, कडेला पडलेला डाग, टॉवेल नुसता डोळ्यापुढून सरकला तरी त्यांना दोष दिसायचा. निवृत्त झाल्यावर त्यांना वाटलं, टॉवेलातला दोष दिसतो तर माणसातला न दिसायला काय झालं? माणूस तर टॉवेलाहून मोठा असतो. मग त्यांनी दारावर पाटी लावली: 'बसलिंगप्पा, गुप्तहेर. गुप्तता पाळली जाईल.' ही पाटी रस्त्याच्या पलीकडूनही वाचता यायची. तिच्याखाली बायकोची जुनी पाटी होती: 'कडक भाकरी मिळेल.' लोक भाकरीला यायचे आणि उलटतपासणी होऊन जायचे.

जोतिराम त्यांचा मदतनीस. पगार नाही, रजा नाही, आणि राजीनामाही देता येत नाही, कारण तो त्यांचा साडू. नोकरी सोडता येते, साडू सोडता येत नाही. शिवाय जोतिरामकडे मोपेड होती, आणि बसलिंगप्पांना सायकलसुद्धा येत नव्हती.

त्या दिवशी शेजारच्या चाळीतला धनाजी आला तो भाकरीला नव्हे. उंबऱ्यातच मटकन बसला आणि म्हणाला, "अण्णा, माझी किल्ली जातीया."

"हरवली की चोरीला गेली?" बसलिंगप्पांनी भिंग काढलं.

"न्हाय ओ, लालसाबभाई काढून घ्यायला लागल्यात."

धनाजी लालसाबचा टेम्पो चालवायचा. एमआयडीसीतले टॉवेल आणि चादरी गावातल्या दुकानांत पोचवायच्या, हे त्याचं काम. लालसाब माणूस चांगला, पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या पुतण्याने, ताबीशने, चालत्या गाडीत मोबाईलवर लिहिता लिहिता टेम्पो दुभाजकावर घातला. पाय मोडला. तेव्हापासून लालसाबने स्वतःचा कायदा केला होता. "सरकारचा कायदा हाय, लेकिन चौकातल्या शिट्टीपुरता," तो म्हणायचा. "चौक संपला की बोट परत मोबाईलवर. माझ्या गाडीत माझा कायदा. चालत्या गाडीतून मेसेज आला, की किल्ली टेबलावर."

आणि धनाजीच्या मोबाईलवरून मेसेज येत होते. लालसाब ड्रायव्हरांच्या ग्रुपवर विचारायचा, 'धनाजी कुठे?' आणि धनाजी भर रस्त्यात गाडी हाकत असताना त्याच्या नावाने उत्तर जायचं: 'ओ'.

"मी हात लावत न्हाय अण्णा. मोबाईल खणात असतो. गाडी लावून बगतो, तर माझ्याच नावानं ओ गेलेली! दोनदा समज मिळाली. आता पुन्हा आली, तर शनवारी किल्ली ठेवायची म्हणल्यात. असल्या कारणानं काढलेल्याला सोलापुरात दुसरं कोण गाडी देतंय? आयनं शेळ्या विकल्या तवा माझं लायसन झालं अण्णा. ती गावाकडचं सोडून हितं आलीया माझ्यापाशी." तो जवळ सरकला. "भानामती तर नसंल?"

"भानामतीला नेटवर्क लागत नाही," बसलिंगप्पा म्हणाले आणि डोळे मिटून बसले. जोतिरामला हे डोळे ओळखीचे होते. ते मिटले की कुणाचं तरी वाटोळं होणार.

"ओ म्हणजे ओके," बसलिंगप्पांनी डोळे उघडले. "पण अर्धा. का अर्धा? कारण दुसरा हात स्टिअरिंगवर आहे. म्हणजे लिहिणारा गाडी चालवतोय."

"पण गाडी मीच चालवतो की!"

"मग संशयित सापडला."

"अवो, मी तुमच्याकडं आपणहून आलोय!"

"गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच."

"ही गुन्ह्याची जागा न्हाय साडूभाऊ," जोतिराम म्हणाला. "आपलं घर हाय."

बसलिंगप्पांनी हा मुद्दा विचारासाठी राखून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संशय बिभीषणवर गेला. बिभीषणही लालसाबचाच ड्रायव्हर. "नावच बघ की," बसलिंगप्पा म्हणाले. "घरभेदीपणा नावातच आहे." बिभीषणने काहीतरी यंत्र वापरून धनाजीचा मोबाईल लांबून ताब्यात घेतलाय, असं ठरलं. त्याची सुट्टी होती. दोघे त्याच्या मागे मागे न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेले आणि वर्तमानपत्राआड बसले. वर्तमानपत्र एकच होतं, म्हणून दोघांना एकाच बाकावर चिकटून बसावं लागलं. ओ आली की लगेच कळवायचं, असं त्यांनी लालसाबला सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन आला, "अभी अभी ओ आली!"

बिभीषण समोर खुर्चीत होता. तोंडाला साबण, गळ्याभोवती कापड.

"हात कापडाखाली आहेत!" बसलिंगप्पा कुजबुजले. "दिसत नाहीत म्हणजे काहीतरी चाललंय."

"त्याचा मोबाईल हितं माझ्या बाजूला चार्जिंगला हाय," जोतिराम म्हणाला.

"अय्यो! म्हणजे दुसरा मोबाईल कापडाखाली."

न्हाव्याने कापड झटकलं. खालून केस पडले. बिभीषण उठून म्हणाला, "अण्णा, तुमचा नंबर हाय का? बसा की." आलोच आहोत तर म्हणून बसलिंगप्पा दाढी करून आले.

मग पाठलाग ठरला. धनाजीचा टेम्पो पुढे, जोतिरामची मोपेड मागे, आणि मोपेडवर मागच्या बाजूला गुप्तहेर. सात रस्ता चौकातल्या गर्दीत बसलिंगप्पांनी अचानक आपला मोबाईल जोतिरामच्या डोळ्यांपुढे धरला. "वाच! लालसाबने काय पाठवलंय वाच! माझा चष्मा घरी राहिला."

"अवो, काढा तो! मला रस्ता दिसंना!"

"आधी वाच, मग रस्ता बघ."

मोपेड शेंगांच्या गाड्याला धडकता धडकता राहिली. चौकातल्या हवालदाराने शिट्टी मारून दोघांना बाजूला घेतलं. "काका, चालत्या गाडीत मोबाईल? या वयात?"

"आम्ही त्याच गुन्ह्याचा तपास करतोय," बसलिंगप्पा ताठ होऊन म्हणाले. "मी गुप्तहेर आहे."

"मग गुप्त राहा की. चौकात कशाला आलात?"

तोवर टेम्पो दिसेनासा झाला होता. गाड्याजवळ एक लहान पोर उभं होतं, ते जोतिरामच्या डोळ्यापुढून हलेना. तपासाच्या भरात आपण तोच गुन्हा केला, हे तो बोलला नाही. साडूला सांगून काय उपयोग? साडूने त्याचाही तपास काढला असता.

शेवटी बसलिंगप्पांनी शास्त्रीय प्रयोग काढला. धनाजीचा मोबाईल बंद खणात ठेवायचा नाही. तो केबिनच्या सीटवर ठेवायचा, आणि त्यावर स्वतः बसलिंगप्पांनी बसायचं. जोतिराम शेजारी साक्षीदार. टेम्पो निघाला. धनाजीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, ओठांवर बिरोबाचं नाव. आणि बसलिंगप्पांच्या खालून आवाज आला, 'टिंग'. मागोमाग लालसाबचा फोन: "फिर आली ओ!"

जोतिरामचा जीव भांड्यात पडला. "सुटलास रे धनाजी! मोबाईल दाबून ठेवलेला, तरी ओ गेली. म्हणजे लिवणारा दुसराच कोण तरी हाय."

धनाजीने गाडी कडेला लावली आणि डोळे पुसले. तेवढ्यात बसलिंगप्पा गंभीर झाले.

"थांब. मोबाईलला कोण टेकलं होतं?"

"तुमी."

"दुसरं कुणी?"

"न्हाय."

"मग सरळ आहे," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सत्याचं तेज आलं. "ओ मी लिहिली. बुडाने."

आणि ही कबुली त्यांनी तिथल्या तिथे, स्वतःहून, लालसाबला फोनवर दिली. गुप्तहेराने स्वतःलाच पकडल्याचं उदाहरण साऱ्या महाराष्ट्रात नसेल, हेही सांगितलं. धनाजीला वाचवणारा एकुलता एक पुरावा त्यांनी असा हातचा घालवला.

"ठीक हाय," लालसाब म्हणाला. "आजची तुमच्या बुडाची. आधीच्या ओ कुणाच्या? तेव्हा पण तुमीच बसला होतात?"

"नाही," बसलिंगप्पा प्रामाणिक माणूस.

"तो फिर शनवारी किल्ली."

शनिवारी दुपारी सगळे लालसाबच्या ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे टॉवेलांच्या गठ्ठ्यांमध्ये उरलेली जागा. लालसाबची बायको नूरबी हिशोब बघायला येऊन बसायची, ती चहा ओतत होती. बसलिंगप्पा एका गठ्ठ्यावर उभे राहिले आणि त्यांनी सगळा तपास पहिल्यापासून सांगितला. बिभीषणच्या दाढीसकट. चहा निवला. धनाजीने ऐकून घेतलं, खिशातली किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. ठेवताना तिचा आवाज होऊ नये म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी ठेवली. तिच्या शेजारी मोबाईलही ठेवला. "हा पण ऱ्हाऊ द्या. हेच्यापायीच झालं."

लालसाबला ते बघवेना. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मला पण बरं वाटत नाही रे. लेकिन एकाला सोडलं, तर कायदा राहील का?"

"पण तुम्ही विचारलंत का?" नूरबी म्हणाली.

"याला? दहा वेळा विचारलं. नाही म्हणतो."

"याला नाही. जो ओ लिहितोय त्याला."

बसलिंगप्पा गठ्ठ्यावरून हळूच खाली उतरले. "असं सरळ विचारायची पद्धत नसते, भाभी. तपासाची एक रीत असते."

नूरबीने नवऱ्याचा मोबाईल उचलला आणि ग्रुपवर लिहिलं: 'धनाजीच्या नावानं कोण लिहितंय?'

धनाजीचा मोबाईल टेबलावर होता. त्याला कुणाचा हात नव्हता, बूडही नव्हतं. पण लालसाबच्या मोबाईलवर धनाजीच्या नावाखाली कुणीतरी लिहीत असल्याचं दिसू लागलं. थांबलं. परत दिसलं. सगळ्यांची डोकी त्या एका मोबाईलवर आली. बऱ्याच वेळाने उत्तर उमटलं:

'मी मायाक्का. धन्या गाडीवर हाय. तुमी कोण. जेवलासा का.'

"आई?" धनाजी ओरडला.

चाळ जवळच होती. लालसाबने किल्ली खिशात टाकली आणि सगळे तडक तिकडे गेले. मायाक्का दारात पाय पसरून बसली होती. मांडीवर नातीचा, ऋतुजाचा टॅब. शाळेचे मेसेज बापाच्या मोबाईलवर यायचे, म्हणून ऋतुजाने केव्हातरी बापाचं व्हॉट्सअ‍ॅप टॅबला जोडून घेतलं होतं. ती शाळेत गेली की टॅब घरीच असायचा. आणि गेल्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून मायाक्का अक्षरं लावायला शिकली होती.

"आई, तू माझ्या नावानं ओ लिवत हुतीस?"

"मग? कोण तरी सारखं हाका मारतंय. धनाजी कुटं, धनाजी कुटं." तिने लालसाबकडे बघितलं. "माळावर मेंढरं चारताना लांबनं हाक आली, अन् ज्येला मारलीया त्यो वड्यापल्याड असला, तर जवळच्यानं ओ द्यायची. तशीच ऱ्हायली तर हाक मारणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो. धन्या गाडीवर. जवळ मी. दिली ओ. चुकलं व्हय?"

"अम्मा," लालसाब कपाळावर हात मारून म्हणाला, "तुमच्या ओ पायी याची किल्ली गेली होती!"

मायाक्काने टॅब बाजूला ठेवला. "किल्ली? का बरं?"

"गाडी चालवताना मेसेज लिहायचा नाही, असा कायदा केलाय मी."

"ब्येस केलास. पण त्यो गाडीवर हाय हे तुला म्हाईत हुतं न्हवं? मग हाक का मारलीस?"

"धंदा हाय अम्मा. माल कुठं पोचला ते बघावं लागतं."

"इचारल्यावर माल लवकर पोचतो व्हय?"

लालसाब नूरबीकडे बघू लागला.

"गाडी चालवणाऱ्यानं लिवायचं न्हाय, त्येला कायदा," मायाक्का म्हणाली. "अन् चालवणाऱ्याला जो लिवतो, त्येला? त्येचा कायदा कुटं ठेवलास? माझा ल्योक हाय म्हणून खणात ठिवतो. दुसरं एखादं पोर मालक वरडंल म्हणून बगंल की."

लालसाबने मोबाईल काढला. कदाचित काही सिद्ध करायला काढला असेल. ग्रुप उघडून तो वर वर सरकवत गेला. 'धनाजी कुठे?' 'बिभीषण कुठे?' 'पोचलास का?' 'उत्तर का नाही?' जोतिराम त्याच्या खांद्यावरून बघत होता. सगळे मेसेज एकाच माणसाचे होते. लालसाबने मोबाईल खिशात घातला, किल्ली काढली आणि धनाजीच्या हातात न देता मायाक्काच्या हातात दिली. "अम्मा, तुम्हीच द्या."

तिने लेकाच्या हातावर किल्ली ठेवली. "जा. सावकाश चालीव."

परतताना बसलिंगप्पा समाधानात होते. "मी पहिल्यापासून म्हणत होतो की नाही, लिहिणारा गाडीच्या बाहेर आहे?"

"तुमी म्हणाला हुतासा, तुमच्या बुडानं लिवलं."

"हो. आता तेही बाहेरच आहे."

जोतिरामने मोपेड चालू केली.

सोमवारी धनाजी माल भरून निघाला. लालसाब आपल्या खुर्चीत बराच वेळ स्वतःला आवरून बसला होता, असं नूरबी नंतर सांगायची. पण सवय वाईट. बोट गेलंच. ग्रुपवर उमटलं: 'धनाजी कुठे?'

लगेच उत्तर आलं: 'ओ. गाडीवर हाय. आला की कळंल. तू गप बस.'

लालसाबने मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. नूरबीने तो उचलून तेवढा अंगठा टाकला. आणि बऱ्याच वेळाने, गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावून, बिभीषणने लिहिलं: 'आक्का, माझी पण ओ तुमीच देत जावा.'