काकाजींनी काढलेलं ‘मिस्खीन’चं खानदान

आमच्या पिपरी मेघेतले काकाजी भांड्यांचे दुकानदार. पण तुम्ही बादली मागितली, की आधी तिचं खानदान ऐकावं लागे. “बादली पोर्तुगीज हाय बरं! चावीही तिकडचीच. घरात घेता, पण कुठली लेक हाय ते नाई इचारत!” गिऱ्हाईक वैतागून शेजारच्या दुकानात जाई. काकाजींना त्याचं काही नसे.

शब्दांचं एक वेळ ठीक. पण मुलगा विनय नोकरीसाठी हॉलंडला गेला आणि तिथलीच मुलगी केली, तेव्हाही यांचं तेच. “ना खानदान, ना ठिकाण!” म्हणाले आणि पाच वर्षं पोराशी बोलले नाहीत. असा हेकट माणूस मी जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

मग काकू अंथरुणाला खिळल्या. विनयच्या मुलीला, आपल्या नातीला एकदा पाहायचं, एवढाच त्यांचा धोशा. फोनवर त्यांनी तिला विचारलं, “येशील का वं बाई?” पोरगी म्हणाली, “मिस्खीन.” म्हणजे तिकडच्या डच भाषेत ‘कदाचित’, असं विनयनं सांगितलं. वर म्हणाला, “बाबा एकदा ‘या’ म्हणू देत, त्याच दिवशी निघतो.”

काकूंनी हे सगळं जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. आता फोन उचलायचा की नाही? काकाजी मात्र ‘मिस्खीन’च्या मागे लागले! माझ्या स्कूटरवर बसून वर्ध्याची कॉलेजं पालथी घातली. तीन आठवड्यांनी नागपूरच्या एका वाचनालयात जाडजूड कोश सापडला.

घरी येऊन ते काकूंच्या उशाशी बसले. “सापडलं! दोन शब्द जुळून एक झाला हाय. एक म्हंजे शकते, दुसरा म्हंजे घडणं. घडू शकते! पार मुळापासून पाह्यलं मी. त्यात ‘नाई’ कुठंच नाई.”

काकू म्हणाल्या, “शब्दाचं समदं पाह्यलं तुमी. पोराले ‘या’ म्हनलं का पन?”

म्हटलंच नव्हतं. मला असा राग आला म्हणून सांगू! अजूनही येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन लावला. तिघंही मिळेल त्या विमानानं निघाली.

पोचली तेव्हा उशीर झाला होता. काकूंनी आदल्या दुपारीच डोळे मिटले होते.

सुनेनं वाकून काकाजींच्या पायांना हात लावला. नात तिच्यामागे लपली. विनय दोघींना घेऊन आत गेला, आईच्या रिकाम्या खाटेशी बसला. काकाजी दारातच उभे, रस्त्याकडे तोंड करून. पुन्हा पुन्हा म्हणत होते, “या... या नं रे घरात...”