गल्लीचा स्टॉक चेक

सकाळी सातला दुधाची पिशवी घेऊन घरी निघालेल्या माणसाला अडवून कोणी ‘परवा जेवायला भाजी कोणती होती?’ असं विचारलं, तर तो काय करील? आमच्या गल्लीत तो निमूट उभा राहतो आणि आठवायला लागतो. विचारणारे साळवेकाका असतात आणि उत्तर मिळेपर्यंत ते वाट सोडत नाहीत.

मी पेशाने शिक्षक. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, पण परवाच्या भाजीत आठवड्यातून चारदा नापास होतो. ‘दोडका’ म्हणून ठोकून द्यावं, तर काका आमच्या हिला हाक मारून खात्री करून घेतात.

काका शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंग, कोणता माल कुठल्या रॅकवर हे त्यांना तोंडपाठ. निवृत्त झाले तरी त्यांच्या लेखी सगळं जग म्हणजे गोदामच. ‘डोक्यातला माल हलवत ऱ्हावं, मास्तर. पडून राहिला की गंज धरतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि प्रश्नाआधी एकदा खाकरून, ‘स्टॉक चेक!’

गेल्या वर्षापासून तर हे वेड फारच वाढलं. काका डाव्या हाताने दात घासू लागले. निम्मी पेस्ट मिशीला. दुधाला रोज नव्या रस्त्याने जाऊ लागले आणि एकदा दूध घरी पोचेपर्यंत नासलं. अडुसष्टाव्या वर्षी ते समोरच्या रफिकभाई टेलरकडे उर्दू अक्षरं शिकायला बसले. सिटी चौकात एका पाटीवर त्यांनी मोठ्याने ‘मिठाई’ वाचलं आणि आत शिरले, तर ते चपलांचं दुकान निघालं. रफिकभाई म्हणतात, ‘साळवेसाब की पढाई कच्ची है, लेकिन आवाज पक्की है.’

गल्ली फिरून झाली की काका स्वतःच्या ओट्यावर येतात. तिथे काकू काहीतरी निवडत बसलेल्या असतात. त्यांचा नंबर नेहमी शेवटचा. काकू हसून काहीबाही सांगतात, काका मान डोलावतात आणि तपासणी संपते.

गेल्या महिन्यात एकदा मला शाळेला उशीर झाला होता. काकांनी रस्ता अडवला आणि माझं डोकं सटकलं.

‘काका, आमच्या कशाला परीक्षा घेता? काकूंची घ्या की! काल एका सकाळी दोनदा साखर मागायला आल्या होत्या!’

ओट्यावर काकूंचा सुपातला हात थांबला. काका नुसते बाजूला झाले आणि मला वाट दिली.

दिवसभर शिकवण्यात माझं मन लागलं नाही. संध्याकाळी काका कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकटेच चहा पीत बसलेले दिसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, ‘बसा. तुमची काय चूक नाय.’

मग बशीत बघत बोलू लागले. ‘हिचं विसरणं वाढलंय, मास्तर. साल झालं. डॉक्टर म्हणले, गोळ्या चालू ठेवा, पण माणसांत ठेवा, चालतं-बोलतं ठेवा, डोक्याला रोज काम द्या. आता कारखान्यात मी एक पाहिलंय. एकाच रॅकचा स्टॉक चेक केला, की त्या रॅकवाल्याची मान खाली जाते. आपल्यावरच शक हाय, असं वाटतं त्याला. म्हणून मी कायम सगळ्या गोदामाचा करायचो. हिला एकटीला कसं विचारू? आधी गल्लीला विचारतो. डाव्या हातानं ब्रश करायची मला कुठं हौस हाय? मी केलं की ती बी करती.’

मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपणहून त्यांच्या फाटकाशी गेलो. काका आंघोळीला गेले होते. काकू ओट्यावर लसूण सोलत होत्या.

‘काकू, काल मी...’

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. ‘आले असंल मी दोनदा. माझ्या ध्यानात नाय.’ मग आतला कानोसा घेऊन हळूच म्हणाल्या, ‘पण हे समजतं मला. माझ्यापायी सगळ्या गल्लीला छळतंय हे माणूस. त्यांना बोलू नका मात्र. त्यांना वाटतंय, मला पत्ता नाय.’

तेवढ्यात काका डोकं पुसत बाहेर आले. मला बघून जरा बिचकले, पण सवय कुठली सुटायला! ‘मास्तर, परवाची भाजी?’

परवा मेथी होती. मला पक्कं आठवत होतं.

‘वांगी,’ मी म्हणालो.

‘वांगी कुठली?’ काकू ताडकन म्हणाल्या. ‘मेथी! तुमच्या बायकोनं माझ्यासमोर गाडीवाल्याकडून दोन जुड्या घेतल्या. एक किडकी निघाली म्हणून भांडली बी.’

काका हातात टॉवेल धरून तसेच उभे राहिले. मग काकूंशेजारी बसले, लसणाची एक गड्डी उचलली आणि मान खाली घालून सोलायला लागले. मधूनच टॉवेल डोळ्यांना लावत होते.

‘लसणानं डोळ्यांला पाणी येतं व्हय?’ काकूंनी विचारलं.

‘लई तिखट हाय ह्यो लसूण,’ काका म्हणाले.

काकूंनी मान डोलावली आणि आणखी एक गड्डी त्यांच्यापुढे ठेवली.